शिरोलीचा बूट कोल्हापूरला परवडतो का?

कोल्हापूरला जायला लोकांकडे कारणं तयार असतात: अंबाबाई, पन्हाळा, तांबडा-पांढरा, नाहीतर गुळाची ढेप. माझं कारण वेगळं होतं. माझ्या धाकट्या भावाने चांगला चालता धंदा बाजूला ठेवून स्नीकर्स बनवायला घेतले होते. त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे बघून यायला घरच्यांनी एकमताने मला पाठवलं. एकमत आमच्या घरात फक्त दुसऱ्याला कुठेतरी पाठवायचं असलं की होतं.

संजू इंजिनिअरिंगला कोल्हापूरला गेला आणि तिथलाच झाला. बायको तिथली, दुकान तिथलं, आता भाषाही तिथली. माझ्याशी बोलताना तो पुण्याचा असतो आणि फोन वाजला की एका श्वासात कोल्हापूरचा होतो. त्याचं बुटांचं दुकान होतं. माल चीनहून यायचा, हा विकायचा, कटकट शून्य. मग एक दिवस त्याला वाटलं, की ज्या गावाचं नाव चपलेमुळे जगभर गेलं त्या गावाने बूट बाहेरून का आणावेत? "ताई, लाज वाटते गं," असं तो मला फोनवर म्हणाला. इतकी वर्षं दुकान नीट चाललं होतं, तोपर्यंत लाज कुठे गेली होती, हे मी विचारलं. त्याने फोन ठेवला आणि शिरोली एमआयडीसीत भाड्याने शेड घेतली.

आता रविवारी निकाल होता. शिवाजी पेठेतली एक तालीम आपल्या फुटबॉल संघाच्या रंगातले स्नीकर्स सगळ्या सभासदांना आणि पाठीराख्यांना घेणार होती. तालमीचं नाव लिहीत नाही, कारण कोल्हापुरात एका तालमीचं नाव घेतलं की दुसऱ्या तालमीचे लोक खाली कॉमेंटमध्ये येतात. संजूचे नमुन्याचे जोड पसंत पडले तर तो स्वतःचे साचे घेणार आणि शेड चालू राहणार. नाही पडले तर शेडला कुलूप, आत काम करणारी आठ माणसं घरी, आणि संजू पुन्हा दुकानात.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटीची इलेक्ट्रिक बस धरली. तिकीट पाचशेच्या आतबाहेर, एसी व्यवस्थित, चार्जिंगची सोय कागदोपत्री. रस्त्याचं विचाराल तर हायवेचं रुंदीकरण चालू आहे. ते मी मागच्या वेळी गेले तेव्हाही चालू होतं आणि तुम्ही जाल तेव्हाही असेल अशी मला खात्री आहे. खंबाटकीपर्यंत झोप लागते, कराडच्या पुढे वळणरस्ते सुरू झाले की ती आपोआप उडते. सहा तास धरून चला. एक उपयोगाची गोष्ट: एमआयडीसीत जायचं असेल तर कोल्हापूर स्टँडपर्यंत जाऊ नका, कंडक्टरला आधी सांगून शिरोलीलाच हायवेवर उतरा. मी तशी उतरले आणि संजूच्या गाडीत बसले.

शिरोली एमआयडीसी म्हणजे फाउंड्र्यांचं गाव. वितळलेल्या लोखंडाचा वास, दारोदार काळ्या वाळूचे ढीग, कशावर तरी हाणल्याचा आवाज. त्या सगळ्यात संजूची शेड फारच नाजूक वाटत होती. दारावर पाटी: 'पूर्णपणे कोल्हापुरात बनलेले'. मी आत गेले आणि टेबलावरचा एक बूट उचलला. पांढरा, हलका, दिसायला खरंच छान.

"सोल?" मी विचारलं.

"सोल चीनचा."

"ही जाळीची कापडं?"

"व्हिएतनाम."

"चिकटवलंय कशाने?"

"सोल्यूशन कोरियाचं. मशीन तैवानची, सेकंडहँड." मग तो घाईघाईने म्हणाला, "नाडी इचलकरंजीची आहे!"

"आणि डबा?"

"डबा तर अगदी इथलाच."

म्हणजे हा नाडीपासून डब्यापर्यंत पूर्णपणे कोल्हापुरी बूट होता. मी हसले. संजूला ते लागलं. मग त्याने मला खुर्चीवर बसवून हिशेब समजावला, आणि तो इथे लिहितेय, कारण आपण सगळे बाहेरचा माल स्वस्त का पडतो याची दोन वाक्यांत उत्तरं देतो आणि ती बहुतेक चुकीची असतात.

मला वाटायचं, तिकडे मजुरी कमी. संजू म्हणाला, उलट आहे, तिकडच्या कामगाराला माझ्या माणसांपेक्षा जास्त मिळतं. गोम आहे साच्यात. सोल ओतायला साचा लागतो, प्रत्येक मापाचा वेगळा, त्यातही डाव्याचा आणि उजव्याचा वेगळा. तो साचा महाग. तिकडे एका साच्यातून इतके जोड निघतात की त्याची किंमत दर जोडामागे चहाच्या पैशात निघून जाते. संजूने तोच साचा घेतला तर दर जोडामागे जेवणाचं बिल लागतं. हजार पानांच्या पंगतीत एका जिलबीला काय खर्च येतो आणि दोन माणसांसाठी घरी जिलबी घालायला बसलं तर काय येतो, तेवढाच हा फरक. शिवाय तयार बूट आणायचा तर कंटेनर भरून, रुबाबात येतो. नुसते सोल थोडेसे मागवले तर कुणी दारात उभं करत नाही, वर भाडं आणि कर आहेच. म्हणून इथे बनवलेला बूट तिकडून तयार आलेल्या बुटाच्या जवळजवळ दुप्पट पडत होता.

"मग कशाला हा उपद्व्याप?"

"एक मोठी ऑर्डर मिळाली तर साचा घेता येईल. साचा घेतला की भाव उतरेल. भाव उतरला की आणखी ऑर्डरी येतील."

"आणि ऑर्डर कधी मिळेल?"

"भाव उतरला की," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पावणं आल्यात आन् चा सांगिटला न्हाय व्हय अजून?"

या सुशीलाक्का. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, कपाळावर चष्मा. शेडमधल्या शिलाईच्या मुख्य. आधीचं आयुष्य कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालण्यात गेलेलं. ते काम हंगामापुरतं, पावसाळ्यात बंद. इथे बाराही महिने काम आहे म्हणून आल्या. बुटांबद्दल मत विचारलं, तर त्यांनी ते शेजारच्या फाउंड्रीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"बूट चांगला हाय ओ. पर मेल्यागत पडतोय पायात. मानूस आला कवा, गेला कवा, घरात कळंना. त्येला काय पायताण म्हनायचं?"

"आक्का, स्नीकर्स तसेच असतात," संजू म्हणाला.

"असत्यात की. म्या कुटं न्हाय म्हटलो?"

कोल्हापूरकडे बायकाही आलो-गेलो म्हणतात, ते पुणेकरांनी पहिल्या दिवशी दुरुस्त करायला जाऊ नये. मी एकदा केलं होतं, माझ्या भावजयीच्या, रूपाच्या माहेरी. ते लोक अजून माझी नक्कल करतात.

शनिवार मी माझ्यासाठी ठेवला होता. सकाळी मिसळ. शंभरच्या आत पोट भरतं. सोबत पावाऐवजी स्लाइस येतात, आणि कट हवा का विचारायला येणाऱ्या माणसाला हो म्हणण्याआधी दुपारचा कार्यक्रम आठवून बघा. अंबाबाईला शनिवार-रविवारी रांग मोठी असते, सकाळी लवकर गेलात तर बरं. देवळाजवळच्या लॉजमध्ये आयत्या वेळी खोली मिळत नाही. गाडी लांब लावून चालत जा, आणि रिक्षा केलीत तर भाडं बसायच्या आधी ठरवा.

दर्शनानंतर चप्पल लाइनीत शिरले. बरी कोल्हापुरी हजाराच्या पुढे-मागे सुरू होते, वेणीकाम वाढलं की किंमत वाढते. घासाघीस करा, पण दुकानदाराचा अपमान होईल इतकी नको. माझ्या शेजारी एक शेतकरी गृहस्थ जोड घालून बघत होते. दुकानात चार येरझाऱ्या घातल्या, कान देऊन ऐकलं, आणि जोड परत केला.

"काय झालं?" दुकानदाराने विचारलं.

"वाजंना की."

"वाजतंय की जरा."

"जरा वाजून काय करतंय? लगीन हाय घरात."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. अस्सल कोल्हापुरी चपलेच्या तळाच्या चामड्यांच्या मध्ये कसलंसं सुकं बी घालतात, आणि त्यामुळे पाऊल टाकलं की ती कर्र कर्र वाजते. हा दोष नाही. त्यासाठी लोक जास्त पैसे देतात. इकडे नव्या चपलेने माणूस येतो तो दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि तसाच यायला हवा. मला समजावून सांगणाऱ्या दुकानदाराच्या स्वतःच्या पायात मात्र परदेशी स्नीकर्स होते. मी बघतेय हे बघून तो म्हणाला, "दिवसभर उभं ऱ्हायाचं असतंय ओ ताई. टाच दुखतीया."

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाल्ली, नंतर गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायले. म्हैस समोर उभी असते, ग्लास आपल्या हातात असतो, मध्ये कंपनी, पॅकिंग, साचा काहीच नसतं. या एका धंद्यात कोल्हापूरला चीनची भीती नाही. घरी आले तर संजू जेवणाच्या टेबलावर तीन डबे मांडून बसला होता. आक्कांनी शेवटचा हात फिरवून नमुने नुकतेच पाठवले होते. त्याने डबे उघडले नाहीत, नुसते पुसले आणि पुन्हा पुसले. रूपा मला हळूच म्हणाली, "गेला महिनाभर झोपेत मापं बडबडतोय." तेव्हा माझी सगळी थट्टा उतरली आणि मनापासून वाटलं, की याला ही ऑर्डर मिळू दे.

रविवारी सकाळी आम्ही शिवाजी पेठेत गेलो. आक्काही आल्या होत्या, "माझ्या हाताचं काम हाय, म्या येनार" म्हणून. तालीम म्हणजे खाली कुस्तीचा लाल मातीचा हौद, वर शहाबादी फरशीची खोली, भिंतीवर संघांचे फोटो आणि ढाली. मध्यभागी आबा बसले होते. आबा तालमीचे अध्यक्ष, तरुणपणी गोलकीपर, आता सत्तरीला आले तरी हात तसेच. भोवती दहा-पंधरा जण.

आबांनी बूट उलटसुलट केला, वास घेतला, वाकवला. रंग बघून मान हलवली. मग पायात घातला, उठले आणि चालू लागले.

कर्र.

आबा थांबले. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं.

कर्र.

संजूचा चेहरा मी लहानपणी त्याने बाबांचं घड्याळ उघडलं तेव्हा पाहिला होता तसा झाला. त्याने आक्कांकडे पाहिलं. आक्का प्रसन्न होत्या.

"म्या घातलो की बी," त्या म्हणाल्या. "आतला तळवा उचलला, चामड्याच्या दोन चकत्या घातल्या, मदी बी. तालमीची पोरं पेठेतनं चालत जानार, आन् मुक्या बुटानं? कोन बगंल?"

"आक्का, अहो, हा स्नीकर आहे!" संजू ओरडायचा तेवढा राहिला. चोरपावलांवरून ज्या वस्तूला स्नीकर हे नाव पडलं, तिच्यात आक्कांनी प्रेमाने आवाज भरला होता. जगाच्या पाठीवर ही चूक दुसऱ्या कुठल्याही गावात झाली नसती. गेली ऑर्डर, असंच वाटलं.

आबांनी खोलीच्या टोकापर्यंत फेरी मारली आणि वळून आले. कर्र कर्र कर्र.

"आयला," आबा म्हणाले, "हे भारी हाय!"

मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. तीन जोड आणि पंधरा माणसं. ज्याच्या पायात बूट गेला नाही तो टाच बाहेर ठेवून चालला. तिघं ओळीने चालले तेव्हा फरशीवर असा काही ठेका धरला गेला, की एकाने टाळ्या वाजवल्या. मॅचला जाताना सगळी गॅलरी वाजत जाईल, समोरच्या तालमीचं तोंड बघण्यासारखं होईल, असं बोलणं सुरू झालं. संजूच्या डोळ्यांत पाणी. मी आक्कांचा हात धरला होता. कधी धरला ते कळलं नाही.

"कितीला देतोस?" आबांनी विचारलं.

संजूने भाव सांगितला. आबांनी तो ऐकला आणि पायातल्या बुटाकडे पाहिलं.

"मागल्या साली ह्याच्या निम्म्यात दिलतास की."

"तो माल बाहेरचा होता, आबा."

"व्हय. तूच आणलतास. चांगला निघाला, अजून हाय माझ्या नातवाकडं." आबांचा आवाज अजिबात वाईट नव्हता, उलट मायेचा होता. "मग आसं कर की. ह्यो जोड त्येनला पाठव. म्हनावं, आस्साच पायजे, आवाजासकट. तितनंच आन. तालमीची वर्गणी हाय बाबा, कुनाच्या घरचा पैसा न्हाय. आन् धंदा तर तुझाच की. आमी दुसऱ्याकडं कुटं जातोय?"

संजूचा प्रतिस्पर्धी कोण, हा प्रश्न मला शुक्रवारपासून पडला होता. तो चीनमध्ये नव्हता. तो गेल्या वर्षीचा संजू होता.

संजूने जे केलं ते त्याच्या जागी मीही केलं असतं. समोरची ऑर्डर नाकारून उपाशी राहायला तो काही संत नव्हता. तो म्हणाला, "बघतो, आबा." कोल्हापुरात याचा अर्थ 'हो' असा होतो.

आक्का उठल्या. "मग बी बी तिकडनंच आना," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

दुपारी रूपाने मटण केलं होतं, तांबडा आणि पांढरा दोन्ही. चवीबद्दल लिहायला हवं, वाचकांची अपेक्षा असते, पण मला आठवत नाही. एकदा मध्येच संजू म्हणाला, "ताई, या ऑर्डरीत मला शेडपेक्षा दुप्पट सुटतील." मी म्हटलं, "मग तोंड का असं?" त्यावर त्याने पांढरा रस्सा पुन्हा वाढून घेतला. त्याच संध्याकाळी मी परतीची बस धरली. घरच्यांना अहवाल दिला, की डोकं ठिकाणावर आलेलं आहे. सगळ्यांना आनंद झाला. मला आपण कुणाची तरी चहाडी केल्यासारखं वाटत राहिलं.

शेड बंद झाली. आठही जण आपापल्या वाटेला लागले, आक्का पुन्हा वेण्यांवर. संजूने एक वाजणारा जोड कुरिअरने तिकडे पाठवला, सगळं नीट लिहून पाठवलं, आगाऊ रक्कम भरली. मी ही पोस्ट तेव्हाच लिहायला घेतली होती आणि शेवट काही सापडत नव्हता. तो परवा फोनवरून आला.

माल पोचला होता. रंग अचूक, शिवण सुरेख, भाव ठरल्याप्रमाणे. सगळे जोड मुके. सोबत कारखान्याचा अत्यंत नम्र मेल, की आपल्या नमुन्यात चालताना आवाज येण्याचा दोष आढळला, आमच्या तपासणी विभागाने तो पूर्णपणे दूर केला आहे, त्याचे वेगळे पैसे आकारलेले नाहीत.

आबांनी एक जोड घालून फरशीवर फेरी मारली, काढून ठेवला आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हवं."

मग संजू आक्कांच्या दारात गेला. आक्कांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि मजुरी या वेळी त्या स्वतः सांगतील असं सांगितलं. संजूने मान्य केली. शेडचं कुलूप निघालं. आता तिथे आठ माणसं बसून परदेशातून आलेला नवाकोरा बूट उघडतात, आतला तळवा उचलतात, चकत्या आणि बी घालतात आणि पुन्हा चिकटवतात. कोरियाच्याच सोल्यूशनने. संजूने शेवटी बेरीज केली, तेव्हा एक जोड त्याने आबांना पहिल्यांदा सांगितलेल्या भावाच्या वर गेला होता. तालमीने कुरकुर केली, पण दिला. आवाजाचे द्यावेच लागतात, असं आबांचं म्हणणं.

मी खूप हसले आणि मग मला भयंकर राग आला. तो काढायला एकही माणूस सापडेना. आबांनी स्वस्तात मागितलं, संजूने आणून दिलं, तिकडच्यांनी प्रामाणिकपणे चूक दुरुस्त केली. सगळे शहाण्यासारखे वागले आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जास्त पैसे मोजले. मी संजूला म्हटलं, अरे मग पुढच्या वेळी पहिल्यापासून इथेच बनव ना. तो म्हणाला, "साचा कुठंय, ताई?"

मागून आक्कांचा आवाज आला, फोन इकडे द्या म्हणून.

"ताई, तुमी लिवताय म्हनं आमच्यावर?"

"हो, लिहितेय."

"मग खरं लिवा. कोल्लापुरात बूट हुत न्हाईत म्हनावं. चांगला झालेला बूट आमी फाडतो, तवा आमाला मजुरी मिळती."

मागे शेडमध्ये सगळे हसले. आक्का हसत नव्हत्या.